बाईसाहेबांच्या जागी चार चाकं

तीर्थस्वरूप दाजी यांस,

कंबर आज जेवढी वाकू देते आहे तेवढा वाकून नमस्कार. राहिलेला समक्ष भेटीत पुरा करीन.

तुमचा गुडघा कसा आहे? ताईच्या मागच्या पत्रावरून कळलं की कालव्याच्या वाटेवर घसरून पडल्यापासून तुमचं संध्याकाळचं फिरणं बंद झालं आहे (म्हणजे तिने बंद केलं आहे), आणि शाळा तपासनीस म्हणून एकतीस वर्षं मुख्याध्यापकांना घाम फोडणारा माणूस आता व्हरांड्यात बसून समोरच्या गवंड्याच्या भिंतीतल्या चुका काढतो आहे. गवंडी दोनदा काम सोडून गेला म्हणे. ताईचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, मी न चुकता लोकरीची बंडी घालतो. (घालत नाही, पण तुम्ही म्हणा.) गाडी विकल्यापासून तुमची शेड रिकामीच आहे ना? छप्पर गळत नाही ना? सहज विचारलं.

हे पत्र टपालाने न येता चाऱ्याच्या ट्रकवाल्याच्या हाती येतं आहे, याचं नवल करू नका. माणूस माझ्या भरवशाचा आहे. त्याला सावलीत बसवा, चहा द्या. पाणीही द्या, जरा जास्तच द्या, बादलीभर असलं तर उत्तम. मात्र पत्र पुरतं वाचून होईपर्यंत फाटकापर्यंत जाऊ नका. गुडघ्याला त्रास नको, दुसरं काही नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. दाजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी एटीव्ही चालवायला शिकलो. एटीव्ही म्हणजे ती चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली गाडी, जी माती, दगड, चिखल, चढ असं काहीही समोर आलं तरी चालते. हसून झालं असेल तर पुढे वाचा. ताईला एवढ्यात सांगू नका. सायकल शिकताना मी शेजाऱ्यांनी वाळत घातलेल्या गादीसकट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो होतो, ते ती अजून प्रत्येक पाहुण्याला सांगते. त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. गादीही आता राहिली नसेल.

झालं असं. माझी नोकरी तुम्हाला ठाऊक आहे. ताई तिला ‘डोंगरावर जाऊन पाऊस मोजणं’ म्हणते आणि तिचं फारसं चुकत नाही. रोज सकाळी आठ वाजता माथ्यावरच्या ठाण्यात पोचायचं, तापमान, वारा आणि पाऊस पाहायचा, नोंदवहीत लिहायचं आणि खाली यायचं. ही चढ-उतर सतरा वर्षं मी बाईसाहेबांच्या पाठीवर बसून केली. बाईसाहेबांना तुम्ही विसरला नसाल. ऑफिसच्या कागदोपत्री त्या ‘खेचर, नग एक’ असल्या तरी आमच्याकडे त्यांना कोणी अरे-तुरे करत नाही. सतरा वर्षांत एकच दिवस मी तापाने अंथरुणाला खिळलो होतो, तर त्या दिवशी बाईसाहेब दावं सोडवून एकट्याच माथ्यावर गेल्या, पर्जन्यमापकासमोर तासभर उभ्या राहिल्या आणि परत आल्या. मेंढपाळांनी पाहिलं आहे. नोंद मात्र झाली नाही, कारण त्यांना लिहिता येत नाही.

तर महिन्यापूर्वी वरच्या ऑफिसातून चार कलमांचा आदेश आला. पहिलं, ठाण्याला एक एटीव्ही मिळेल. दुसरं, निरीक्षकाने तीन आठवडे प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी. तिसरं, नापास झाल्यास डोंगरावर एक स्वयंचलित पेटी बसवली जाईल आणि निरीक्षकाला मुख्य ऑफिसच्या तळघरात जुन्या नोंदी लावायला पाठवलं जाईल. (ते तळघर मी पाहिलं आहे. तिथे खिडकी नाही. हवामानखात्याच्या माणसाला बाहेर ऊन आहे की पाऊस हे तिथे शिपायाला विचारावं लागतं.) चौथं कलम खेचराला सेवेतून कमी करण्याचं होतं. ते मी घाईघाईने वाचलं, तुम्हीही तसंच वाचा. थोडक्यात, मी पास झालो तर बाईसाहेब जाणार आणि नापास झालो तर आम्ही दोघंही जाणार. अशा परीक्षेचा अभ्यास कोणत्या तोंडाने करायचा, हे तुमच्या एकतीस वर्षांच्या तपासणीत कुठे आलं असेल तर कळवा.

प्रशिक्षण केंद्र म्हणजे एका जुन्या लाकूडवखारीमागचं मैदान. पत्र्याखाली सहा गाड्या ओळीने उभ्या. खोटं कशाला सांगू दाजी, पहिल्यांदा पाहिलं आणि मी टोपीच काढली. चाकं केवढी! माझ्या मांडीपर्यंत. आणि त्यांत हवा इतकी कमी की बोटाने दाबलं तर आत जातं. मला वाटलं पंक्चर आहे, म्हणून मी पंप शोधायला निघालो. तेव्हा कळलं की हवा मुद्दाम कमी ठेवतात. मऊ चाक दगडाला धरून बसतं, कडक चाक उडतं. मी माझ्या सगळ्या वरिष्ठांना मनातल्या मनात या नियमाने तपासून पाहिलं आणि नियम शंभर टक्के खरा निघाला.

शिकवणारी एक बाई. वय पस्तीसच्या आसपास, उंची माझ्या खांद्याएवढी, गळ्यात शिट्टी. आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणू लागलो. शिकणारे आम्ही दोघंच, मी आणि डोंगरातल्या पाइपलाइनवर देखरेख करणारा एक तगडा जवान नळवाला, ज्याला सगळं आधीपासूनच येत होतं. पहिल्या दिवशी मास्तरीणबाईंनी गाडीला हातही लावू दिला नाही. टेबलावर दोन हेल्मेट ठेवली. एक नवं, आणि दुसरं असं की कपाळापासून मानेपर्यंत तडकलेलं, आत बोट जाईल एवढी फट. नळवाल्याने विचारलं, हे घातलेला माणूस गेला का? मास्तरीणबाई म्हणाल्या, “नाही, तो काय, मागे चहा करतोय.” आम्ही वळून पाहिलं. खरोखरच एक गृहस्थ शांतपणे स्टोव्हवर चहा उकळत होते. ते त्यांचे यजमान. त्यांनी आमच्याकडे पाहून साखर किती, एवढंच विचारलं. दाजी, मी आयुष्यात पुष्कळ व्याख्यानं ऐकली (तुमचीही), पण इतकं थोडक्यात इतकं मोठं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी आम्ही दोघं चहासुद्धा हेल्मेट घालूनच प्यायलो. माझा निम्मा हनुवटीच्या पट्ट्याने प्यायला.

मग पोशाख. हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, लांब बाह्यांचा जाड सदरा. आरशात मी स्वतःला ओळखलं नाही. संध्याकाळी तसाच घरी गेलो तर बाईसाहेबांनीही ओळखलं नाही. कान मागे टाकून त्यांनी मला गोठ्याच्या दारातच अडवलं. हेल्मेट काढल्यावर हुंगून खात्री करून घेतली आणि मग बाजूला झाल्या. सतरा वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्यापुढे अपराध्यासारखं वाटलं. दुसऱ्या बाईकडे जाऊन आलेल्या नवऱ्यासारखं, असं लिहिणार होतो, पण हे पत्र ताईही वाचेल.

आता फजितीकडे वळतो, कारण तुम्ही त्याचीच वाट पाहत असणार. गाडी उजव्या अंगठ्याने चालते. अंगठा दाबला की पळते, सोडला की मंदावते. यात अवघड काय, असं कोणालाही वाटेल. पण दाजी, सतरा वर्षं मी लगाम धरला आहे. थांबायचं म्हणजे लगाम मागे ओढायचा आणि तोंडाने ‘हो, हो’ म्हणायचं, हे माझ्या हाडात भिनलेलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही ती ही अशी. पहिल्या फेरीत समोर वखारीची भिंत आली. मी दोन्ही हातांनी हँडल छातीशी ओढलं आणि मोठ्याने ‘हो, हो’ म्हणालो. हँडल ओढताना मूठ आवळली, मूठ आवळताना अंगठा दाबला गेला. मी जितक्या जोरात ‘हो’ म्हणालो तितक्या जोरात गाडीने ते होकार समजून मनावर घेतलं. सुदैवाने मास्तरीणबाईंच्या हातात एक दोरी असते. ती गाडीच्या इंजिनाच्या बटणाला बांधलेली, नवशिक्यासाठी. त्यांनी दोरी ओढली, इंजिन बंद पडलं आणि भिंत माझ्यापासून वीतभर अंतरावर जागच्या जागी राहिली. नळवाला इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, याआधी काय चालवत होता? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग तुम्हाला आधी विसरायला शिकवावं लागेल.” मला ते वाक्य लागलं.

दुसऱ्या दिवशी विसरण्याचा आणखी एक नमुना झाला. उतारावर गाडी उभी केली आणि खाली उतरून मी चष्मा पुसू लागलो. बाईसाहेबांच्या पाठीवरून उतरलं की त्या जागच्या हलत नाहीत, बांधायची गरजच नसते. ही मात्र निघाली. अगदी सावकाश, काही विसरलं म्हणून परत जावं तशी. मी तिला हाक मारली. (हो, हाक मारली. तुम्ही तरी काय केलं असतं?) ती मास्तरीणबाईंच्या यजमानांच्या वांग्यांच्या वाफ्यात जाऊन थांबली. पार्किंग ब्रेक नावाची एक कळ असते आणि ती आपणच लावायची असते, हे माझ्या लक्षात राहावं म्हणून यजमानांनी ती चिरडलेली सोळा वांगी पिशवीत घालून मला घरी दिली. मी ती चार दिवस खाल्ली आणि कळ पुन्हा कधी विसरलो नाही.

पण दाजी, पाचव्या दिवसापासून काय झालं ते मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. चढ शिकवायला सुरुवात झाली. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला अंग टाकायचं, आणि गुडघ्यांनी गाडी घट्ट धरायची. (माझी अक्कल गुडघ्यात आहे असं तुम्ही लग्नाच्या आधीपासून म्हणत आला आहात. तिचा पहिल्यांदा उपयोग झाला.) मी अंग पुढे टाकलं आणि ती जड गाडी, जिला एकट्याने ढकलायची म्हटली तर मला जमणार नाही, ती माझ्या नुसत्या झुकण्याने सरळ झाली. चाकाखालचा दगड मला माझ्या तळव्यात कळला. डोळे जिकडे पाहतात तिकडे गाडी जाते; खड्ड्याकडे पाहिलं की खड्ड्यात, वाटेकडे पाहिलं की वाटेवर. मास्तरीणबाई दहा वेळा ओरडून सांगत होत्या, जिथे जायचंय तिथे बघा, आणि अकराव्यांदा मी बघितलं आणि गेलो. टेकाडावर पोचून इंजिन बंद केलं तेव्हा मी एकटाच हसत होतो. छप्पन्नाव्या वर्षी आपल्याला नवं काही येऊ शकतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत असेल तर तुम्हीही सांगितलं नाहीत.

नळवाल्याला मात्र सगळं आधीच येत असल्यामुळे त्याचं शिकणं राहून जात होतं. एकदा मास्तरीणबाई पुढे गेल्या आहेत असं पाहून त्याने आखलेली वाट सोडली आणि कुरणातून सरळ गाडी घातली. वर मला म्हणाला, काका, मागे बसा, दोन मिनिटांत पोचवतो. मी बसलो नाही. गाडी एकट्याचीच असते, मागे माणूस बसला की तिचा तोल जातो, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. (शिवाय मला भीतीही वाटली. दोन्ही कारणं खरी आहेत.) परत आल्यावर मास्तरीणबाईंनी आम्हा दोघांना चालत कुरणात नेलं. गवतात दोन लांब काळे ओरखडे उमटले होते. एका ओरखड्यापासून जेमतेम चार बोटांवर जमिनीवरचं घरटं होतं आणि त्यात ठिपक्यांची तीन अंडी. पक्षीण लांब उभी राहून आमच्याकडे पाहत होती. तेवढा तगडा गडी, दाजी, पण त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्याला फावडं मिळालं. ओरखडे बुजवून, गवताची ढेकळं परत लावून होईपर्यंत दुपार झाली. मीही हात लावला, कारण त्या दिवशी मी वाटेवर राहिलो होतो तो शहाणपणाने की भित्रेपणाने, हे माझं मलाच नक्की नव्हतं. त्यानंतर नळवाला वाटेच्या बाहेर थुंकलासुद्धा नाही.

रोज संध्याकाळी घरी आलो की मी बाईसाहेबांना दिवसभराचं सांगत असे. सवय आहे. खरारा करता करता सांगायचं, चढावर अंग पुढे टाकतात, उतारावर हळू, थकल्यावर चालवायची नाही, ओढ्याचं पाणी खोल वाटलं तर आत शिरायचं नाही, आखलेली वाट सोडायची नाही. त्या कान हलवत ऐकून घ्यायच्या. आणि एका संध्याकाळी, डाव्या खांद्याला खरारा करताना, माझा हात थांबला. दाजी, हे सगळं मी कोणाला शिकवत होतो? चढावर मान पुढे टाकून चालतं कोण? उतारावर मागचे पाय मुडपून, एकेक खूर चाचपत उतरतं कोण? ओढा फुगला की मी शिव्या घातल्या तरी पाण्यात न शिरणारं कोण? थकल्या की बसून घेणाऱ्या आणि मला पायी चालायला लावणाऱ्या याच ना? मास्तरीणबाईंनी तीन आठवडे शिट्टी फुंकून मला जे शिकवलं ते ही बाई सतरा वर्षं एक अक्षर न बोलता करत होती आणि मी वर बसून डुलक्या घेत होतो. मला वाटायचं, मी डोंगर चढतो. मी गोठ्यात उकिडवा बसलो आणि मला रडू आलं. त्यांनी माझी टोपी चावून पाहिली.

परीक्षेच्या दिवशी वरच्या ऑफिसातून परीक्षक आले. किरकोळ बांध्याचे, अबोल, हातात कागद अडकवलेली फळी. परीक्षा आमच्याच डोंगरावर, ठाण्याच्या वाटेवर. मी पुढे, मागून दुसऱ्या गाडीवर मास्तरीणबाई, तिसऱ्यावर परीक्षक. निघण्याआधी टायर, ब्रेक, इंधन, दिवे, सगळं पाहिलं. कुठे जातो आणि कधी परतणार ते खालच्या दुकानात सांगून आलो. नियमच आहे तसा. पहिली दोन वळणं झकास. तिसरं वळण तुम्हाला आठवत असेल, जिथे मोठा काळा दगड वाटेत डोकावतो. त्या वळणावर बाईसाहेब थांबतात. जाताना थांबतात, येताना थांबतात. चुचकारा, ढकला, पाया पडा. त्यांना वाटेपर्यंत त्या हलत नाहीत. या हट्टापायी मला ठाण्यात पोचायला पुष्कळदा उशीर झाला आणि उशिराचं कारण नोंदवहीच्या शेऱ्यात लिहावं लागतं, म्हणून मी सतरा वर्षं इमानेइतबारे लिहीत आलो: ‘खेचर वळणावर विनाकारण थांबले.’

त्या दिवशी गाडी व्यवस्थित चालली होती, रस्ता रोजचा होता, मागे परीक्षक होते, थांबण्याचं काहीही कारण नव्हतं. पण काळा दगड दिसला आणि माझा अंगठा आपोआप सुटला. गाडी थांबली. पार्किंग ब्रेक लावला, उतरलो, आणि चालत दगडापलीकडे गेलो, कारण बाईसाहेब जेवढा वेळ थांबतात तेवढा वेळ नुसतं उभं राहणं मला बरं दिसेना. पलीकडे वाट नव्हती. म्हणजे होती, पण निम्मीच. दरीकडची बाजू रातोरात खचून खाली गेली होती. मी तसंच वळण घेतलं असतं तर आज हे पत्र तुम्हाला दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं, आणि ते विनोदी नसतं.

मी मागे येऊन हात वर केला. परीक्षक उतरले आणि पाहून आले. मास्तरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाड्या तिथेच ठेवून आम्ही उरलेला डोंगर कड्याच्या बाजूने पायी चढलो, मी आठ वाजताची नोंद घेतली (आठ वाजून बावीस मिनिटांनी, कारण शेऱ्यात लिहिलं), आणि परीक्षकांनी ठाण्यातल्या टेबलावर माझा निकाल भरला. पास. खाली खास शेरा होता: ‘पुढची वाट न दिसणाऱ्या वळणावर थांबून, उतरून, खात्री करून घेतली. उत्कृष्ट.’

मग त्यांनी फळीवरचा दुसरा कागद काढला. त्यावर सेवेतून कमी करायच्या वस्तूंची यादी होती. मोडक्या खुर्च्या दोन, बंद पडलेला वायुभारमापक एक, खेचर नग एक, वय चोवीस. आणि पुढे दोषाच्या रकान्यात, दाजी, माझंच वाक्य. ‘वळणावर विनाकारण थांबते. संदर्भ: निरीक्षकाचे शेरे, सतरा वर्षे.’ खाली सही निकालावरचीच, तारीख तीच, शाईसुद्धा तीच. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. परीक्षकांनी एकदा हा वाचला, एकदा तो वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, “यादी छापून झाली आहे, हो. ती मला बदलता येत नाही.” थोड्या वेळाने त्यांनीच खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि ते मला दिसेपर्यंत काढलं नाही.

असो. पत्र लांबलं. वाट दुरुस्त झाली आहे, मी आता रोज गाडीवरून जातो, हेल्मेट घालून, एकटा, आखलेल्या वाटेने, आणि तिसऱ्या वळणावर थांबतो. तळघर टळलं. तुम्ही औषधं वेळेवर घ्या, ताईशी वाद घालू नका, गवंड्याला त्याचं काम करू द्या.

तुमचा, वाट न सोडणारा,
मेहुणा

ता. क. त्या बारीक अक्षरांत असं होतं की महिनाअखेरीच्या आत कोणी छप्पर असलेली जागा दाखवून सही केली तर जनावर त्याला नुसतं देता येतं. नाहीतर लिलाव. चोवीस वर्षांचं खेचर लिलावात कोण आणि कशासाठी नेतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. महिनाअखेर उद्या आहे. माझ्या घराचं छप्पर ऑफिसचं, म्हणून चालत नाही. सोबत अर्ज जोडला आहे. तुमचं नाव, पत्ता आणि शेडची लांबी-रुंदी मी भरली आहे (ताईने मापं कळवली, तिला सगळं माहीत आहे, एटीव्हीसुद्धा. मघाशी ‘सांगू नका’ म्हणालो ते तुम्हाला घाबरून). फक्त सही राहिली आहे. ट्रकवाला तासभर थांबेल. सही झाली तर तो एकटा परत येईल.

आणखी ता. क. निरोप समारंभासाठी तुम्ही आमच्याकडे राहून लिहिलेलं बावीस पानी भाषण बाईसाहेबांनी सहाव्या पानापासून पुढे खाल्लं, हे तुम्ही विसरला नाहीत, मी जाणतो. पण लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या त्या उरलेल्या पाच पानांनाच, हेही आठवा.

शेवटचं ता. क. आता फाटकापर्यंत गेलात तरी चालेल. बाईसाहेब तिथे आहेत. फाटक उघडलंत की त्या आत यायच्या नाहीत, उंबऱ्याशी थांबतील. ओढू नका, दाजी. रागावू नका, आणि कुठे लिहून तर मुळीच ठेवू नका. त्या वाट पाहून घेतात. त्यांचं पाहून झालं की येतील. उद्यापासून संध्याकाळी कालव्यावर जाताना त्यांना पुढे चालू द्या, आणि त्या थांबतील तिथे थांबा. मी ताईला शब्द दिला आहे की तुम्ही पुन्हा पडणार नाही.